‘मोठा’ला इंग्रजीत कोणता शब्द? आधी नाम बघा

प्रश्न असा आहे: नोकरीच्या अर्जात ‘आय हॅव बिग एक्स्पीरियन्स’ असं लिहिलं होतं. एका सहकाऱ्याने ‘बिग’ खोडून ‘ग्रेट’ केलं, दुसऱ्याने ‘ग्रेट’ खोडून ‘लार्ज’ केलं, आणि तिसरा म्हणाला, तिन्ही चूक. शब्दकोशात तर तिन्ही शब्दांपुढे ‘मोठा’ असाच अर्थ आहे. मग ‘बिग’, ‘लार्ज’, ‘ग्रेट’, ‘ह्यूज’, ‘व्हास्ट’ यांतला कोणता कधी वापरायचा हे ठरवायचं कसं? काही नियम आहे का?

तिसऱ्या सहकाऱ्याचं बरोबर आहे. का ते सांगते, पण त्यासाठी थोडं लांबून यावं लागेल.

मी पंचवीसेक वर्षं मराठीतून इंग्रजीत भाषांतरं करते आहे आणि त्याहून जास्त वेळ दुसऱ्यांची भाषांतरं तपासण्यात जातो. व्याकरणाच्या चुका लवकर सुटतात. काळ, वचन, ‘अ’ आणि ‘द’ यांची सवय सरावाने होते. सगळ्यात शेवटपर्यंत चिकटून राहतो तो हाच घोळ, कारण यात वाक्य व्याकरणाने बरोबर असतं आणि तरी इंग्रजी वाचणाऱ्याला खड्यासारखं टोचतं.

एक वाक्य जवळून बघा. मूळ मराठी असं होतं: ‘मोठा पाऊस झाला, मोठा वारा सुटला, मोठ्या संख्येने झाडं पडली आणि लोकांचे मोठे हाल झाले.’ मराठीत याला नाव ठेवायला जागा नाही. भाषांतर आलं ते ‘बिग रेन’, ‘बिग विंड’, ‘बिग नंबर ऑफ ट्रीज’ आणि ‘बिग हार्डशिप’ असं. तपासल्यावर झालं ते असं: ‘हेवी रेन’, ‘स्ट्राँग विंड्स’, ‘अ लार्ज नंबर ऑफ ट्रीज’, ‘ग्रेट हार्डशिप’. चार ठिकाणी एकच ‘मोठा’ आणि इंग्रजीत चार वेगळे शब्द. त्या चारांपैकी एकही ‘बिग’ नाही.

ज्यांनी हे भाषांतर केलं होतं त्यांना सगळे शब्द येत होते. ‘हेवी’ माहीत होता, ‘स्ट्राँग’ माहीत होता. पण त्यांनी सुरुवात ‘मोठा’पासून केली. ‘मोठा म्हणजे बिग’ हे डोक्यात पक्कं झालं की हात आपोआप तिकडे वळतो. खरी गोम इथे आहे. इंग्रजीत विशेषण ठरतं ते पुढच्या नामावरून. म्हणून आधी नाम धरायचं, आणि मग या नामासोबत इंग्रजी माणूस काय लावतो ते शोधायचं. ‘रेन’ म्हटलं की ‘हेवी’, ‘विंड’ म्हटलं की ‘स्ट्राँग’.

मराठीतला ‘मोठा’ किती कामं करतो ते आपल्या लक्षातही येत नाही. मोठा आवाज म्हणजे ‘लाउड’. मोठी सुट्टी आणि मोठी रांग म्हणजे ‘लाँग’. मोठा श्वास म्हणजे ‘डीप ब्रेथ’. मोठी शस्त्रक्रिया ‘मेजर’, मोठा आजार ‘सीरियस’, मोठ्या आशा ‘हाय होप्स’. मोठी बहीण बोलताना ‘बिग सिस्टर’, लिहिताना ‘एल्डर सिस्टर’. तिला ‘ग्रेट सिस्टर’ म्हटलंत तर वाचणारा समजेल की बहीण स्वभावाने फार चांगली आहे, ती थोरली आहे हे त्याला कळणारच नाही.

आता ‘बिग’, ‘लार्ज’ आणि ‘ग्रेट’ यांच्याकडे येऊ. तिघांचे स्वभाव वेगळे आहेत आणि ते समजायला त्यांचं मूळ उपयोगी पडतं. ‘ग्रेट’ हा तिघांत जुना, अस्सल जुन्या इंग्रजीतला. तेव्हा त्याचा अर्थ जाड, भरड, ढोबळ असा होता. पुढे तो आकाराने मोठा आणि मग योग्यतेने थोर असा चढत गेला. ‘लार्ज’ फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मागे लॅटिनमधला ‘विपुल, उदार’ असा अर्थ आहे. सढळ हाताने दिलेल्या देणगीला इंग्रजीत आजही ‘लार्जेस’ म्हणतात, ते त्यामुळेच. ‘बिग’ साधारण १३०० च्या सुमारास लेखनात दिसू लागतो आणि सुरुवातीला त्याचा अर्थ बलवान, जोरदार असा होता. आजही ‘बिग’मध्ये तो जोर आहे, ‘लार्ज’मध्ये भरपूरपणा आहे आणि ‘ग्रेट’मध्ये मान आहे.

हे नुसतं ऐकून पटणार नाही, म्हणून आकाशाकडे बघा. आपले सप्तर्षी ज्या तारकासमूहात येतात त्याचं इंग्रजी नाव ‘ग्रेट बेअर’. त्यातल्या सात ताऱ्यांच्या आकृतीला अमेरिकेत ‘बिग डिपर’ म्हणतात. दोघांच्याही जोडीला धाकटं भावंड आहे: ‘लिटल बेअर’ आणि ‘लिटल डिपर’. दक्षिण आकाशात दोन दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दिसतात, त्यांची नावं मात्र ‘लार्ज मॅजेलॅनिक क्लाउड’ आणि ‘स्मॉल मॅजेलॅनिक क्लाउड’. जोड्या नीट पाहा. ‘बिग’ आणि ‘ग्रेट’च्या समोर ‘लिटल’ उभा राहतो, ‘लार्ज’च्या समोर ‘स्मॉल’. या जोड्या सहसा मोडत नाहीत. गुरू ग्रहावरचं पृथ्वीहून मोठं वादळ ‘ग्रेट रेड स्पॉट’ आहे, कारण तसं दुसरं नाही आणि त्याला एक दरारा आहे. विश्वाची सुरुवात ‘बिग बँग’ आहे. हे नाव ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी १९४९ मध्ये रेडिओवरच्या भाषणात वापरलं. बोलताना, धडाक्याची गोष्ट सांगताना तोंडात येतो तो ‘बिग’. आणि जिनिव्हाजवळ २७ किलोमीटर घेराच्या बोगद्यात शास्त्रज्ञांनी यंत्र बसवलं, त्याचं नाव ठेवलं ‘लार्ज हेड्रॉन कोलायडर’. मोजून, मापून, कागदावर लिहून ठेवलेलं नाव असं असतं.

तोच हिशेब शरीरात. मोठं आतडं ‘लार्ज इंटेस्टाइन’, लहान आतडं ‘स्मॉल इंटेस्टाइन’. गंमत अशी की लहान आतड्याची लांबी साधारण ६ मीटर असते आणि मोठ्या आतड्याची दीड मीटरच्या आसपास. म्हणजे नाव लांबीवरून पडलेलं नाही, नळीच्या रुंदीवरून पडलं आहे. पायाचा अंगठा मात्र रोजच्या बोलण्यात ‘बिग टो’, आणि करंगळी ‘लिटल फिंगर’. तिला ‘स्मॉल फिंगर’ म्हटलं तर कुठलंतरी आखूड बोट असा अर्थ होईल.

आता एकच नाम घेऊन तिन्ही लावून बघा. ‘अ बिग मॅन’ म्हणजे धिप्पाड माणूस, किंवा संदर्भाने, वजनदार असामी. ‘अ लार्ज मॅन’ म्हणजे अंगाने मोठा, बहुतेक वेळा स्थूल हे सभ्यपणे सांगितलेलं. ‘अ ग्रेट मॅन’ म्हणजे थोर पुरुष, मग तो अंगाने किरकोळ का असेना. आपल्याकडे ‘मोठा माणूस’ म्हणताना संदर्भाने अर्थ फिरतो, इंग्रजीत तो फिरवायला शब्दच बदलतात.

नाम वस्तूचं असेल, म्हणजे घर, खोली, पेटी, शहर, तर ‘बिग’ आणि ‘लार्ज’ दोन्ही चालतात. तिथे डोकं शिणवू नका. बोलताना ‘अ बिग हाउस’, अहवालात किंवा जाहिरातीत ‘अ लार्ज हाउस’, एवढाच फरक. मोजता येणाऱ्या प्रमाणाचे शब्द आले, म्हणजे नंबर, अमाउंट, क्वांटिटी, प्रपोर्शन, सम, स्केल, की सरळ ‘लार्ज’ घ्या. ‘अ बिग अमाउंट’ ऐकू येतं, पण लिहिताना खटकतं.

अमूर्त नामांशी मात्र जपून. ज्यांची संख्या मोजता येत नाही अशा गुणांना आणि भावनांना ‘ग्रेट’ लागतो: ‘ग्रेट केअर’, ‘ग्रेट करेज’, ‘ग्रेट प्लेझर’, ‘ग्रेट इम्पॉर्टन्स’, ‘ग्रेट डिफिकल्टी’. यांतल्या एकाही ठिकाणी ‘लार्ज’ किंवा ‘बिग’ बसत नाही. ‘बिग’ बसतो तो एकेक सुटी घटना असेल तिथे: ‘अ बिग मिस्टेक’, ‘अ बिग डिसिजन’, ‘अ बिग डिफरन्स’, ‘अ बिग सरप्राइज’. ‘लार्ज मिस्टेक’ कुणी म्हणत नाही. या नियमाला अपवाद आहेत आणि ते पाठच करावे लागतात: ‘बिग ट्रबल’, ‘बिग मनी’, ‘बिग न्यूज’, ‘बिग बिझनेस’. सगळे बोलीतले, सगळे जोर असलेले. ‘बिग’चा जुना अर्थ इथे अजून जिवंत आहे.

‘ग्रेट’ची एक मोठीच अडचण आहे. रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ आता ‘फार छान’ असा झाला आहे. त्यामुळे ‘अ ग्रेट प्रॉब्लेम’ लिहिलं की वाचणारा क्षणभर अडखळतो, छान अडचण म्हणजे काय? तिथे ‘बिग’, ‘मेजर’ किंवा ‘सीरियस’ घ्या. ‘ग्रेट’चा जुना अर्थ टिकून आहे तो अमूर्त नामांत आणि ठरलेल्या नावांत. लंडनची १६६६ सालची आग ‘ग्रेट फायर’, १९१४ ते १९१८ चं महायुद्ध तेव्हाच्या लोकांसाठी ‘ग्रेट वॉर’, १९२९ नंतरची मंदी ‘ग्रेट डिप्रेशन’. यांत कौतुकाचा लवलेश नाही. ‘ग्रेट ब्रिटन’मधला ‘ग्रेट’ही कौतुकाचा नाही, फ्रान्समधल्या ब्रिटनी या प्रांतापासून वेगळं ओळखू यावं म्हणून आलेला तो नुसता ‘थोरला’ आहे.

गणितातही हाच शब्द आहे. ‘पाच हे तीनपेक्षा मोठे’ याला ‘ग्रेटर दॅन’ म्हणतात, ‘बिगर दॅन’ हे वर्गातलं बोलणं झालं. प्राण्यापक्ष्यांच्या नावांत ‘ग्रेटर’ आणि ‘लेसर’ अशी जोडी येते: ‘ग्रेटर फ्लेमिंगो’ आणि ‘लेसर फ्लेमिंगो’. इथे ‘लेसर’चा अर्थ कमी प्रतीचा असा घेऊ नका, रोहित पक्ष्याची ती लहान जात, एवढंच.

लहानाच्या बाजूला ‘स्मॉल’ आणि ‘लिटल’ यांच्यात फरक मापाचा नाही, मायेचा आहे. मराठीत ‘लहान घर’ आणि ‘इवलंसं घर’ यांत जे अंतर आहे तेच ‘अ स्मॉल हाउस’ आणि ‘अ लिटल हाउस’ यांत. ‘स्मॉल’ माप सांगतो. ‘लिटल’ बोलणाऱ्याचा भाव सांगतो, आणि तो भाव प्रेमाचा, कीवेचा किंवा तुच्छतेचाही असू शकतो. ‘पुअर लिटल थिंग’मध्ये कीव आहे, ‘व्हॉट अ नाइस लिटल रूम’मध्ये कौतुक आहे. ‘दॅट लिटल मॅन’ रागाने म्हटलं तर अपमान आहे. म्हणून औपचारिक पत्रात ‘अवर लिटल कंपनी’ लिहिण्याआधी विचार करा, ‘स्मॉल’ लिहिलं की निभावतं.

व्याकरणाचे दोन अडसरही लक्षात ठेवा. ‘लिटल’ सहसा नामाच्या आधीच येतो. ‘द रूम इज लिटल’ कानाला नीट लागत नाही, ‘द रूम इज स्मॉल’ हवं. आणि तुलना करताना ‘लिटलर’ हा शब्द जवळपास कुणी वापरत नाही, ‘स्मॉलर’ घ्यायचा. शिवाय पाणी, वेळ, पैसा यांच्या आधी ‘लिटल’ आला की त्याचा अर्थ ‘लहान’ राहत नाही. ‘लिटल टाइम’ म्हणजे वेळ जवळपास नाहीच, ‘अ लिटल टाइम’ म्हणजे थोडा वेळ आहे. एका ‘अ’ने नकाराचा होकार होतो. मी तपासलेल्या एका अहवालात ‘देअर इज लिटल होप’ असं होतं. लिहिणाऱ्याला ‘थोडी आशा आहे’ म्हणायचं होतं आणि वाचणाऱ्याने ‘आशा उरलेली नाही’ असं वाचलं असतं. असा ‘अ’ मी कधीही दुसऱ्यांदा तपासल्याशिवाय सोडत नाही.

‘टॉल’ आणि ‘हाय’ हा गोंधळ ‘उंच’मुळे होतो. ‘टॉल’ म्हणजे स्वतःच्या पायापासून डोक्यापर्यंतची उंची, आणि वस्तू रुंदीच्या मानाने उभी, सडपातळ असायला हवी: माणूस, झाड, मनोरा, इमारत. ‘हाय’ म्हणजे एखाद्या पातळीपासून किती वर. छत, फळी, डोंगर, भिंत यांना ‘हाय’. याचं सगळ्यात सुंदर उदाहरण दोन पर्वतांचं आहे. एव्हरेस्ट समुद्रसपाटीपासून ८,८४९ मीटर, म्हणून तो ‘हायेस्ट’. हवाई बेटावरचा मौना केआ समुद्रसपाटीपासून ४,२०७ मीटरच आहे, पण त्याचा पाया समुद्राच्या तळाशी आहे आणि तिथपासून मोजला तर तो १०,००० मीटरच्या वर जातो, म्हणून त्याला ‘टॉलेस्ट’ म्हणतात. एकाच वाक्यात दोन्ही विक्रम दोन वेगळ्या पर्वतांचे, आणि कुणाचंच खोटं नाही. मराठीत हे सांगायला पूर्ण वाक्य लागतं. इंग्रजीत शब्द बदलला की काम होतं.

‘वाइड’ आणि ‘ब्रॉड’चं इतकं काही नाही. नदी, रस्ता, दरी यांना ‘वाइड’. खांदे, हसू आणि ढोबळ रूपरेषा यांना ‘ब्रॉड’. ‘रेंज’ला ‘वाइड’ किंवा ‘ब्रॉड’ दोन्ही चालतात.

आता ‘ह्यूज’च्या घराण्याकडे. ‘ह्यूज’, ‘इनॉर्मस’, ‘व्हास्ट’, ‘इमेन्स’, ‘मॅसिव्ह’, ‘कोलॉसल’ हे सगळे टोकाचे शब्द. त्यांच्यात ‘खूप’ आधीच भरलेला आहे. म्हणून ‘व्हेरी ह्यूज’ होत नाही. मराठीतही ‘खूप अवाढव्य’ म्हणताना जीभ अडते ना? तेच. ‘व्हेरी’ लागतो पायऱ्या असलेल्या शब्दांना: ‘व्हेरी बिग’, ‘व्हेरी स्मॉल’. टोकाच्या शब्दांना जोर द्यायचा तर ‘ॲब्सोल्यूटली ह्यूज’. उलटं केलंत, ‘ॲब्सोल्यूटली बिग’, तर तेही चूक. हा नियम आकारापुरता नाही. ‘व्हेरी टायर्ड’ पण ‘ॲब्सोल्यूटली एक्झॉस्टेड’, ‘व्हेरी कोल्ड’ पण ‘ॲब्सोल्यूटली फ्रीझिंग’. इथे नियम सरळ आहे आणि क्वचितच फसवतो.

या घराण्यातल्या प्रत्येकाची स्वतःची लकब आहे. ‘व्हास्ट’ला पसारा लागतो, आडवा, दूरवर गेलेला: वाळवंट, समुद्र, आकाश, साम्राज्य. हत्तीला ‘व्हास्ट’ म्हणता येत नाही, तो ‘ह्यूज’ किंवा ‘इनॉर्मस’. ‘व्हास्ट’चं लॅटिन मूळ ‘रिकामा, ओसाड’ असं आहे आणि तो रितेपणा अजून त्याच्या अंगाला आहे. बहुसंख्य लोक म्हणायचं तर मात्र ‘द व्हास्ट मेजॉरिटी’, तो आता शिक्काच झाला आहे. ‘मॅसिव्ह’मध्ये वजन आहे: दगड, खांब, दरवाजा. म्हणून हृदयविकाराच्या तीव्र झटक्यालाही ‘मॅसिव्ह हार्ट अटॅक’ म्हणतात, सगळं अंगावर कोसळल्यासारखा. ‘इमेन्स’चा मूळ अर्थ ‘न मोजलेला’, त्यामुळे तो धीर, आनंद, समाधान अशा न मोजता येणाऱ्या गोष्टींशी शोभतो. ‘इनॉर्मस’चा मूळ अर्थ ‘नियमाबाहेरचा’. त्याच मुळातून ‘इनॉर्मिटी’ हे नाम आलं, आणि तिथे मी तुम्हाला थांबवते: जपून लिहिणाऱ्यांच्या इंग्रजीत ‘इनॉर्मिटी’ म्हणजे घोर दुष्टपणा. एखाद्या कामाचा आवाका सांगायला ‘द इनॉर्मिटी ऑफ द प्रोजेक्ट’ बरेच लोक लिहितात, पण काही वाचक तिथे भुवया उंचावतील. ‘द शिअर साइझ ऑफ द प्रोजेक्ट’ लिहा, कुणाची हरकत येणार नाही.

टोकाचे शब्द पुरवून वापरा, ही माझी स्वतःची आवड म्हणा. सगळंच ‘ह्यूज’ असलं की शेवटी काहीच मोठं वाटत नाही. शास्त्रीय किंवा आर्थिक लेखनात मी ‘लार्ज’, ‘कन्सिडरेबल’, ‘सब्स्टॅन्शियल’ यांवर थांबते. ‘सिग्निफिकंट’ मात्र आकडेवारीच्या लेखात ‘मोठा’ या अर्थाने कधी लिहू नये. तिथे त्याचा अर्थ ‘निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता फार कमी’ असा ठरलेला आहे, आणि अगदी बारीकसा फरकही ‘सिग्निफिकंट’ असू शकतो.

आकार संपून तीव्रता सुरू झाली की नामाची सत्ता आणखी कडक होते. तरी एक ढोबळ खूण सांगते. जी गोष्ट काट्यावर, पट्टीवर वरखाली होते तिला ‘हाय’ आणि ‘लो’: तापमान, वेग, रक्तदाब, किंमत, दर्जा, धोका, मागणी. ‘फास्ट स्पीड’ आणि ‘एक्स्पेन्सिव्ह प्राइस’ ही मला सर्वांत जास्त वेळा सापडणारी जोडी. वेग ‘हाय’, गाडी ‘फास्ट’. किंमत ‘हाय’, वस्तू ‘एक्स्पेन्सिव्ह’. जी गोष्ट ढिगासारखी साचते तिला ‘लार्ज’ आणि ‘स्मॉल’: लोकसंख्या, रक्कम, साठा. जी वरून पडते किंवा ओझं होते तिला ‘हेवी’: पाऊस, रहदारी, दंड, नुकसान. धूम्रपान करणाऱ्यालाही ‘हेवी स्मोकर’. जी ढकलते, खेचते तिला ‘स्ट्राँग’: वारा, प्रवाह, विरोध, शंका. दुखणं, टंचाई, दुष्काळ, शिक्षा यांना ‘सिव्हिअर’. झोप, दुःख, श्वास, संकट यांना ‘डीप’. ही खूण दहांतल्या सात-आठ वेळा साथ देते, उरलेल्या वेळी तपासावंच लागतं.

‘निव्वळ’, ‘शुद्ध’, ‘पक्का’ यांचंही असंच. शुद्ध मूर्खपणा ‘अटर नॉन्सेन्स’, निव्वळ नशीब ‘शिअर लक’, अगदी अनोळखी माणूस ‘अ कम्प्लीट स्ट्रेंजर’. ‘अटर’ बहुतेक वाईट गोष्टींनाच लागतो. ‘अटर हॅपिनेस’ लिहिलं तर समजेल, पण कानाला विचित्र लागेल. आणि हे ‘अटर’, ‘शिअर’ नामाच्या आधीच बसतात. ‘द नॉन्सेन्स वॉज अटर’ असं वाक्य होत नाही.

‘क्वाइट’बद्दल वेगळा इशारा. ‘क्वाइट गुड’ ब्रिटिश माणूस म्हणाला तर बहुधा ‘बरं आहे, ठीक आहे’, अमेरिकन म्हणाला तर ‘चांगलंच आहे’. आणि टोकाच्या शब्दापुढे तोच ‘क्वाइट’ आला तर ‘पूर्णपणे’: ‘क्वाइट इम्पॉसिबल’ म्हणजे साफ अशक्य. एका लेखकाच्या कामावर मी मनापासून कौतुकाने ‘क्वाइट गुड’ असा शेरा लिहिला होता. उत्तर आलं, ‘कुठे कमी पडलं ते सांगाल का?’ त्यांना वाईट वाटलं होतं आणि चूक माझ्या शब्दाची होती. तेव्हापासून कुणाच्या कामाबद्दल लिहिताना मी ‘क्वाइट’ वापरत नाही. ‘व्हेरी गुड’ लिहिते.

नियम आहे का, या प्रश्नाला उत्तर एवढंच की आहेत ते कल, आणि ते नामाकडे बघून कळतात. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये हेच मांडलं की शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून होते, आणि अशा ठरलेल्या सोबतीला ‘कोलोकेशन’ म्हणायची पद्धत त्यांच्यापासून रुजली. आज यासाठी वेगळे कोलोकेशन शब्दकोश मिळतात. त्यांत ‘बिग’ शोधू नका. ‘पेन’ शोधा, ‘डिमांड’ शोधा, ‘एक्स्पीरियन्स’ शोधा. नामाखाली त्याची विशेषणं दिलेली असतात. शंका उरली तर ‘कॉर्पस’मध्ये, म्हणजे खऱ्या वापरातल्या मजकुराच्या मोठ्या संग्रहात, दोन्ही जोड्या टाकून कुठली किती वेळा येते ते बघा. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये सुमारे १० कोटी शब्दांचा खरा मजकूर आहे आणि तिथे कौल झटकन मिळतो. मी स्वतः एक वही ठेवते, नामांच्या अकारविल्हे क्रमाने. ‘रेन’च्या ओळीत ‘हेवी’, ‘टोरेन्शियल’, ‘लाइट’. ‘विंड’च्या ओळीत ‘स्ट्राँग’, ‘हाय’, ‘लाइट’. एका नामाला एक ओळ.

आता तुमचा अर्ज. ‘एक्स्पीरियन्स’ या नामाचे इंग्रजीत दोन अवतार आहेत. कामातून मिळालेला अनुभव मोजता येत नाही, त्याच्या आधी ‘अ’ लागत नाही. प्रसंग म्हणून आलेला अनुभव मोजता येतो. ‘अ ग्रेट एक्स्पीरियन्स’ म्हणजे फार छान अनुभव, सहलीहून आल्यावर म्हणावा तसा. म्हणून ‘ग्रेट’ घेतला की अर्जाचा अर्थ डळमळतो. ‘लार्ज’ला रक्कम, संख्या असं काही लागतं, अनुभवाला तो लागत नाही. ‘बिग’ तर मोजता न येणाऱ्या नामापुढे इथे बसतच नाही. या अर्थाच्या ‘एक्स्पीरियन्स’ची नेहमीची विशेषणं ‘एक्स्टेन्सिव्ह’, ‘कन्सिडरेबल’, ‘वाइड’ आणि ‘व्हास्ट’. ‘वाइड’ म्हणजे अनेक प्रकारच्या कामांचा. ‘एक्स्टेन्सिव्ह’ म्हणजे भरपूर आणि खोलवर. ‘व्हास्ट’ दुसऱ्याने तुमच्याबद्दल म्हणावा, स्वतःबद्दल लिहिला तर फुशारकी वाटते.

मी असते तर ‘आय हॅव एक्स्टेन्सिव्ह एक्स्पीरियन्स इन’ असं लिहून पुढे कामाचं नाव घातलं असतं. आणि तुमची वर्षं सांगण्यासारखी असतील तर विशेषण काढूनच टाका: ‘आय हॅव ट्वेल्व्ह इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स इन’. ‘ट्वेल्व्ह’च्या जागी तुमचा आकडा घाला.